तीनशे एक्याऐंशी धावा

माझं डोकं तापट आहे, हे गोरेगावात कुणालाही विचारा. पंचांग सांगायला बसलो आणि समोरच्यानं तिथीला तारीख म्हटलं, तरी मी उखडायचो. आता सत्तरी उलटली, दात गेले, राग काही गेला नाही. पण नातवंडं ट्रान्झिस्टर लावून बसतात आणि त्यातला तो बोलणारा मोठ्या झोकात 'गोलंदाज' म्हणतो, तेव्हा मी मुकाट्यानं उठून बाहेर जातो. पोरं म्हणतात, आजोबांना क्रिकेट आवडत नाही. मूर्ख कुठले! या गावाला क्रिकेटचं वेड लावलं ते मीच, या बंडोपंतानं. त्या वेडापायी एक माणूस गेला, म्हणून मी उठतो.

अठ्ठेचाळीस सालचा जानेवारी होता. हिंदुस्तान स्वतंत्र होऊन पाच महिने झाले होते, पण आमच्यावर अजून निजामाचं राज्य. गोरेगावापासून सहा-सात कोसांवर वऱ्हाडची हद्द. ती ओलांडली की रिसोड, आणि रिसोड म्हणजे हिंदुस्तान. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणारा. एकाच माणसाचं कपाशीच्या पऱ्हाटीचं रान अर्धं या राज्यात, अर्धं त्या राज्यात, अशी सगळी गंमत. आणि त्याच महिन्यात आपला संघ पार ऑस्ट्रेलियात जाऊन टेस्ट खेळत होता.

गावात रेडिओ एकच, तोही दिवाळीत पोलिसांनी उचलून नेलेला, दिल्लीच्या बातम्या ऐकतात म्हणून. मग स्कोअर कळायचा कसा? माझा मेहुणा सूर्यकांत रिसोडला जिनिंगच्या कचेरीत कारकून होता, तिथं रेडिओ होता. ऑस्ट्रेलियातला दिवस आपल्या आधी उगवतो, त्यामुळे तिथला खेळ आपल्या जेवणाआधीच आटपायचा. सूर्यकांत ऐकून चिठ्ठी लिहायचा, आणि उकंडराव ती घेऊन तट्टावरून दिवेलागणीच्या आत परत यायचा.

उकंडरावाची ओळख करून द्यायला हवी. घरचा शेतकरी गडी, सहा फुटी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं. यमाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, नेऊन काय करू. तसा तो उकंडराव. त्यानं जन्मात एक मॅच पाहिलेली नव्हती. मी शिकायला हिंगोलीत असताना छावणीच्या मैदानावर साहेबलोकांचा खेळ पाहिला होता, तेवढ्यावर मी त्याला खळ्यात तुरीच्या काड्या रोवून क्रिकेट समजावलं. आणि हा पठ्ठ्या असा नादी लागला की खळ्यात धान्य कमी आणि स्टंपाच्याच काड्या जास्त. त्याची बायको चतुराबाई मला रस्त्यात गाठून म्हणायची, "पंत, काय येड लावलं हो तुमी माझ्या मालकाला? झोपेत बी आऊट-आऊट करून राहिलं ते!"

त्याची बहीण हद्दीपलीकडच्या गावात दिलेली होती. बहिणीकडं जातो म्हटलं की नाक्यावर अडवत नसत. आणि नाक्यावरचे मुनशी गफूरमियाँ आमच्याहून वेडे. चिठ्ठी आधी ते वाचायचे. "या अल्ला, फिर एक विकेट!" म्हणून कपाळावर हात मारून घ्यायचे, उकंडरावाला चहा पाजायचे, आणि मग सोडायचे. सूर्यकांत लिहायचाही तसंच, इंग्रजी शब्दांत. बॉलर, विकेट, रन, ऑल आउट. मुनशींना समजायचं, उकंडरावाला समजायचं, सगळं बराबर चाललं होतं.

ते मला खुपलं. खरंच सांगतो, खुपलं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, अर्ज करायचा तर उर्दूत. मी रामाच्या देवळात चार लेकरं बसवून मराठी शिकवायचो, तेही दार लोटून. त्यात एकदा रिसोडहून आलेल्या गुळाच्या ढेपेला वऱ्हाडचा मराठी पेपर गुंडाळलेला निघाला, आणि त्यात क्रिकेटची बातमी. काय ते शब्द! फलंदाज, गोलंदाज, धावा, पहिला डाव, दुसरा डाव, गडी बाद होऊन तंबूत परतले! मी ते चिकट पान तीनदा वाचलं आणि सूर्यकांताला निरोप धाडला की उद्यापासून चिठ्ठी शुद्ध मराठीत लिही, बॉलर-फिलर मला चालणार नाही.

उकंडरावानं तेव्हाच तोंड वाकडं केलं. "पंत, बॉलरच राहू द्या ना. काहून बदलता? मुनशीला तेच समजते."

"तू कोण रे मला सांगणारा? आपल्या बोलीची लाज वाटते का तुला?"

"लाज कायची? पण धावा तर आमी देवाचा करतो. हा कायचा धावा?"

"पळण्याचा! धावणं, धावा! अक्कलशून्य माणसा!"

तो हसला. माझ्या शिव्यांना तो नेहमी हसायचा. "बरं, धावा तर धावा. तुमी म्हणान तसं," म्हणाला आणि विषय संपला.

पण दिवस वाईट चालले होते. हद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कँप पडले होते. आज या नाक्यावर हल्ला झाला, उद्या त्या नाक्याची कागदपत्रं जाळली, अशा खबरा रोज यायच्या. इकडं बाजाराच्या जागेत रझाकारांची कवायत चालायची, दुपारी बायका पाण्याला जातानाही चौघी-पाचजणी मिळून जायच्या. कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नसे. माझ्या देवळातली चार लेकरं दोनवर आली, मग एकही येईना. लोक क्रिकेटचा स्कोअर ऐकायला मात्र यायचे, पारावर माना खाली घालून बसायचे, आणि आपला गडी शतक करून गेला तरी कुणी टाळी वाजवत नसे. फक्त माना हलायच्या.

ॲडलेडची टेस्ट सुरू झाली आणि तिकडच्यांनी पावणेसातशेच्या घरात रन ठोकले. आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण मग आपला हजारे उभा राहिला. फडकर उभा राहिला. सोमवारी संध्याकाळी उकंडराव चिठ्ठी घेऊन आला तेव्हा पारावर माणसं आधीच जमलेली होती. मी वाचलं, हजारे अजून खेळतो आहे. अहो, काय सांगू! इथं आम्हाला शेजारच्या गावाला जायची चोरी, आणि तिकडं आपला एक माणूस जगातल्या सगळ्यांत जबरदस्त संघापुढं पाय रोवून उभा. मला रडू आलं होतं, खोटं काय बोलू.

त्याच संध्याकाळी गफूरमियाँ घरी आले. बिछाना बांधून तट्टावर टाकलेला. त्यांची बदली झाली होती. वरच्यांना ते ढिले वाटले, त्यांच्या जागी कुणी तरुण अमीन, म्हणजे पोलिसांचा फौजदार, आला होता, सोबत दहा बंदुका. ओट्यावर न बसताच ते म्हणाले, "पंत, अब ये पर्चियाँ बंद करो. नया साहब मुझ जैसा नहीं है. और तुमने वो जो लफ्ज़ बदल दिये हैं ना, मुझे ही चार बार पढ़ना पड़ता है." मी म्हटलं, दोनच दिवस राहिलेत टेस्टचे. त्यांनी तट्टाचा लगाम धरला आणि ते निघून गेले.

सकाळी उकंडराव तट्टावर खोगीर घालून आला, पण चढेना. चतुराबाई मागोमाग आलेली. "पंत, तुमी सांगा त्याईले. आज नका जाऊ म्हणा. तुमचंच आयकते ते."

उकंडराव म्हणाला, "जाऊ का नको, पंत?"

त्या वेळी मी 'नको' म्हणालो असतो तर? दोन अक्षरं. पण माझ्या डोक्यात हजारे. मी म्हणालो, "बहिणीकडं जाणाऱ्याला कोण खातंय? काही होत नाही चतुराबाई. जा रे तू." तो गेला.

दुपार टळली. ऊन उतरलं. पारावर माणसं जमली, आणि सूर्य बुडायच्या सुमाराला एक-एक करत उठून गेली. मी एकटा रिसोडच्या वाटेकडं डोळे लावून बसलो होतो. तट्टू आलं, पण त्याच्यावर उकंडराव नव्हता. नाक्यावरचा शिपाई होता. "अमीनसाब ने बुलाया है," म्हणाला, आणि मला पुढं घालून चालवत नेलं.

नाक्यावर कंदील लावलेला. उकंडराव भिंतीशी उकिडवा, हात मागं बांधलेले, ओठ फुटून सुजलेला. मला पाहून त्यानं मान हलवली, जणू काय जेवायलाच बोलावलंय. टेबलावर सूर्यकांताची चिठ्ठी. अमीन वीस-बावीस वर्षांचा, इस्त्रीच्या कपड्यांतला, आवाज एकदम मऊ. त्याचा कारकून थोडंफार मराठी वाचणारा होता. तो अडखळत वाचू लागला.

"हिंदुस्तान. पहिला डाव. सर्व गडी बाद. तीनशे एक्याऐंशी धावा."

"धावा," अमीन म्हणाला. "यानी हमले. तीन सौ इक्यासी हमले. और ये पहला दाँव."

"नाही हुजूर! धावा म्हणजे दौड. पळणं."

"कौन भागा?"

"कुणी नाही. खेळणारे."

"आगे पढ़ो."

"हजारे, एकशे सोळा. फडकर, एकशे तेवीस."

"हज़ार," अमीन म्हणाला. "और झंडा फड़कना." कालच सव्वीस जानेवारी, काँग्रेसचा जुना स्वातंत्र्यदिन, होऊन गेलेला, तिकडं सगळीकडं झेंडे लागले होते. मी म्हणालो, ती माणसांची आडनावं आहेत. तो म्हणाला, "एक सौ तेईस आदमी?"

कारकून पुढं वाचतच होता. "त्यांचे चार गोलंदाज आळीपाळीने मारा करीत आहेत."

इथं अमीन खुर्चीत सरळ झाला. उर्दूत गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! उर्दू मी तिघा मौलवींकडं शिकलो होतो. पण पेपरात तो शब्द वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फक्त क्रिकेट होतं.

"चेंडू टाकतात ते, हुजूर. गोळा... म्हणजे गेंद."

"गोला," तो म्हणाला आणि कागदावर काही टिपलं.

"दुसऱ्या डावात सहा गडी बाद होऊन तंबूत परतले."

"किस तंबू में? हद्द के पार जो कँप हैं, उसी में ना?"

मी जे सांगेन त्यातून तो नवंच काही काढत होता.  आणि मग कारकुनानं शेवटची ओळ वाचली. "हजारे अजून ठाम आहे. उद्या शेवटचा दिवस."

 बाहेर तट्टू फुरफुरलं.

"कल क्या होनेवाला है, पंडित?"

माझा ताबा सुटला. मी ओरडलो, "अहो, क्रिकेट आहे हो ते, क्रिकेट! ऑस्ट्रेलियात चाललंय! उद्या मॅच संपणार, दुसरं काय होणार?"

मला वाटलं, आता तो मारणार. पण तो शांतपणे हसला. "क्रिकेट मैं ने भी खेला है. कॉलेज में. तो एक बात बताओ. बॉलर को बॉलर क्यों नहीं लिखा? रन को रन, विकेट को विकेट? सारी दुनिया यही लिखती है. ये लफ्ज़ किसने बदलवाये? बस इतना बताओ."

एवढंच. साधा सवाल. उकंडरावानं विचारला होता तोच. आणि त्याचं उत्तर मला येत होतं. मी बदलवले, या बंडोपंतानं, आपल्या भाषेचा तोरा मिरवायला. हे एक वाक्य बोललो असतो तर कदाचित त्याला पटलं असतं, कदाचित आम्हा दोघांना तुरुंगाच्या लॉरीत घातलं असतं. मी तोंड उघडलं.  घरी बायको अनुसूया, दोन लेकरं. माझी नजर खाली गेली.

"म्या सांगितलं हुजूर," भिंतीशी बसलेला उकंडराव म्हणाला. "मला विंग्रजी समजत न्हाई. म्हून म्या म्हनलं, मराठीत लिवा. पंताला काय बी ठावं न्हाई. पंत देवळातला मानूस हाय."

अमीननं विचारलं, "पढ़ना आता है तुझे?"

"व्हय," उकंडराव म्हणाला.

त्याला 'अ' सुद्धा येत नव्हता. मी आठ वर्षं शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि दर वेळी चिडून त्याला हाकलून दिलं होतं. कारकुनानं त्याच्यापुढं जबाबाचा कागद धरला, आणि त्यानं अंगठा पुढं केला. वाचता येतं म्हणणारा माणूस अंगठा उठवत होता, ते सगळ्यांनी पाहिलं.  पण अमीनला एक माणूस हवा होता, तो मिळाला होता. मला म्हणाला, "तुम जाओ."

सकाळी नाक्याहून लॉरी गावात आली, जरा थांबली. मी आणि चतुराबाई रस्त्याच्या कडेला उभे होतो. ती रडत नव्हती, पदर तोंडात कोंबून नुसती बघत होती. लॉरी हलली तेव्हा उकंडराव फळीवरून वाकला आणि मोठ्यानं ओरडला, "पंत! हजारे टिकन का वो आज?"

शेजारी शिपाई होते. मी उत्तर दिलं नाही. नुसता 'हो' म्हणायला काय झालं होतं मला? लॉरी हिंगोलीच्या वाटेनं धुरळा उडवत गेली.

हजारे टिकला होता. त्यानं एकशे पंचेचाळीस केले, बाकीचे भराभर गेले, आणि आपण डावानं हरलो. सूर्यकांतानं ती चिठ्ठी पुढं महिन्यानं एका गोसाव्याच्या हातून पाठवली. तोवर दिल्लीहून गांधीजींच्या खुनाची बातमी आलेली, गावंच्या गावं ओस पडत चाललेली. गोरेगावच्या एका उकंडरावाची विचारपूस कोण करणार? मी दोनदा हिंगोलीला गेलो, दोन्ही वेळा तुरुंगाच्या दारावरून हाकलला गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. भ्यालो. ती चिठ्ठी मात्र पंचांगात जपून ठेवली, तो आला की वाचून दाखवीन म्हणून.

सप्टेंबरात हिंदुस्तानचं सैन्य आलं, चार दिवसांत निजाम संपला, तुरुंगांची दारं उघडली. हट्टा गावचा एक माणूस सुटून आला, हरिचंद नावाचा. त्यानं सांगितलं, उकंडराव श्रावणात गेला. ताप होता, आणि कोठडीत पाणीसुद्धा पुरेसं मिळत नव्हतं. शेवटी-शेवटी तो बोटांनी जमिनीत तीन काड्या रोवल्यासारखं करायचा. काय करतो हे हरिचंदाला कळलं नव्हतं. मला कळलं.

गावानं सभा घेतली. उकंडराव हद्दीपलीकडच्या लढणाऱ्यांची गुप्त खबर आणताना सापडला, असं आता जो तो सांगत होता. त्याच्या नावानं पाराला चौथरा बांधायचं ठरलं, आणि बोलायला मला सांगितलं. मी बोललो. चिठ्ठीत काय होतं ते सोडून सगळं बोललो. लोकांनी या वेळी टाळ्या वाजवल्या, मोकळेपणानं, पाराजवळच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चतुराबाई देवळात आली. खांबाला टेकून बसली. म्हणाली, "पंत, लोक काय बी म्हणत्यात. तुमी खरं सांगा. काय लिवलं व्हतं त्या कागदात?"

 पंचांग मांडीवर होतं, त्यात ती दुसरी चिठ्ठी. शेवटी एवढंच निघालं तोंडातून, "धावा, चतुराबाई. तीनशे एक्याऐंशी धावा."

तिनं डोळे मोठे केले. गाभाऱ्यातल्या रामाकडं पाहिलं, हात जोडले, कपाळाला लावले.

"तीनशे येळा धावा केला व्हता?" ती म्हणाली. "मंग देवानं एकदा बी कसा न्हाई आयकला?"

एखाद्यानं शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला तर मला खपत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी तिथल्या तिथं सुधारतो, समोरचा कुणी का असेना. त्या दुपारी मी गप्प बसलो. ती उठून गेली, आणि मी पंचांग मिटलं.